कॉफिया ३० ची झोपेवर चाचणी: आखणी तपासून द्या

होमिओ_यवतमाळ: दोन गावांत कॉफिया क्रूडा ३० या कॉफीच्या बियांपासून बनणाऱ्या होमिओपॅथी औषधाची चाचणी घ्यायची आहे. काळजीनं झोप उडालेली, पण त्रास तीन महिन्यांच्या आतला, अशी ४० माणसं. रात्री ४ गोळ्या, १४ दिवस. आधी आणि नंतर आयएसआय, म्हणजे निद्रानाशाची तीव्रता मोजणारी प्रश्नावली. पुरेल का?

आकडेमोड: नाही पुरणार, डॉक्टरसाहेब. असा निद्रानाश बहुतेकदा आपोआप ओसरतो, आणि माणूस दवाखान्यात येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. काहीही दिलं तरी १४ व्या दिवशी आकडा सुधारलेलाच दिसेल. साध्या गोळ्यांचा दुसरा गट हवाच. ३० पोटेन्सी म्हणजे १० च्या ६० व्या घाताइतकं विरलन, मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही. तेव्हा तुलना कडकच ठेवा. अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (म्हणजे माणसामाणसांतल्या आकड्यांच्या पसाऱ्याच्या निम्मा) फरक ८० टक्के पॉवरनं, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता ठेवून, पकडायला गटात ६४ जण लागतात. गळती धरून ७५ घ्या.

गोळी_बाटली: साध्या गोळ्याही त्याच नंबरच्या (आकाराच्या), त्याच डिस्पेन्सिंग अल्कोहोलनं ओलावलेल्या पाहिजेत. नाहीतर झाकण उघडताच वासावरून कळतं. ओलावल्यावर कागदावर पसरून पूर्ण वाळवा, दमट राहिल्या की ढेकूळ होतं. बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहू नका. एकाचा अंदाज बरोबर आला की सगळ्या गावाचं गुपित फुटतं. प्रत्येक बाटलीला वेगळा क्रमांक द्या. कोणत्या क्रमांकात कोणती गोळी, ही यादी तिसऱ्या माणसाकडं बंद पाकिटात राहू द्या. शेवटी प्रत्येकाला विचारा, ‘तुम्हाला कोणती गोळी मिळाली असं वाटतं?’

वावर_जागल: आपल्याकडं खरी गडबड डायरीत होते. ओलिताची लाईन रात्री आली की माणूस मोटर चालू करायला वावरात जातो. रानडुकरांमुळं जागलही असते. ती रात्र औषधाच्या खात्यात पडते. म्हणून रोज दोन रकाने जास्त ठेवा: ‘लाईन रात्री होती का’, ‘जागलीला गेला का’. संध्याकाळचा चहा, दारू हेही लिहा. झोपेचा हिशोब सोपा: १० ते ५ अंथरुणात म्हणजे ४२० मिनिटं, झोप ३०० मिनिटं, तर ७१ टक्के. घड्याळ पाहायची सवय नसेल तर पहाटेच्या एसटीवरून वेळ काढा, पण सकाळीच विचारा. आठवड्यानं विचारलं तर सगळ्या रात्री सारख्याच सांगतात.

होमिओ_यवतमाळ: झोपेची गोळी आधीच चालू असेल तर?

आकडेमोड: त्यांना घेऊ नका, आणि ती गोळी अचानक बंदही करायला लावू नका. जोरात घोरून मधेच श्वास अडकणाऱ्यांनाही वगळा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर चाचणी बाजूला ठेवा, त्याच दिवशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या आणि घरच्यांना सोबत थांबवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी झाली पाहिजे.