मदत हवी आहे : हॅरोचा काउन्सिल निकाल, मुलाचा पाय चार्ट आणि माझी एकच फुली

रेनर्सलेनची_माई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही वैतागून. दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून इकडे लंडनला हॅरोत आलो, परवा ५ मे २०२२ ला इथल्या काउन्सिलचं (म्हणजे इथली महापालिकाच) इलेक्शन झालं आणि भारताबाहेर पहिल्यांदाच मत दिलं. मुलगा इयर ५ मध्ये आहे. त्याच्या टीचरनी सांगितलंय की आपापल्या वॉर्डाचा निकाल काउन्सिलच्या वेबसाइटवरून घ्या आणि कुठल्या पक्षाला किती टक्के मतं पडली त्याचा पाय चार्ट काढून आणा, सोमवारी द्यायचाय. म्हटलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम, आणि काल रात्री अकरापर्यंत बसलो (तो साडेआठलाच झोपला, पुढे मी एकटीच).

तर घोळ असा की सगळ्या उमेदवारांची मतं बेरीज केली की ती मतदानाला आलेल्या माणसांच्या जवळजवळ तिप्पट होतात. आधी वाटलं मीच एक्सेलमध्ये काहीतरी माती खाल्ली, परत केली, तेवढीच. आमच्या वॉर्डात ३ जागा आहेत, मोठ्या पक्षांचे तीन-तीन उमेदवार, एका छोट्या पक्षाचा एकटाच. मग टक्के काढायचे कशाचे, आलेल्या माणसांचे की पडलेल्या मतांचे? माणसांचे काढले तर बेरीज १०० च्या कितीतरी पुढे जाते आणि पाय चार्ट होतच नाही.

दुसरा प्रश्न जरा लाजिरवाणा आहे. आकडे बघताना लक्षात आलं की मला तीन फुल्या मारायच्या होत्या आणि मी मारली एकच. पुण्यात २०१७ ला महापालिकेला अ, ब, क, ड अशा चार जागांची चार बटणं दाबल्याशिवाय मशीन सोडतच नव्हतं, त्यामुळे इथे एकच लांबलचक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल बघून मला वाटलं एकच मत असणार. वर सूचना असेल, मी वाचली नाही. निकालाच्या पानावर खाली बाद झालेल्या मतपत्रिकांचे आकडे दिलेत, तेव्हापासून जिवाला लागलंय की त्यात एक माझी असेल का? नवरा म्हणतो तुझं मत वाया गेलं. त्याने स्वतः तीन पक्षांना एक-एक फुली दिली आणि ती म्हणे लोकशाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा प्लीज. आधी पाय चार्टवर टाकला तर बरं, सोमवार जवळ आलाय.

ग्लासगोकर

अहो तिथे फुली नाही, १, २, ३ असे नंबर टाकायचे असतात पसंतीप्रमाणे. आम्ही पण ५ मे लाच टाकले. तुम्ही फुली मारली म्हणजे गेलंच की मत.

टेम्सकाठचा

ग्लासगोकर, उगाच ताईंना घाबरवू नका हो. नंबर तुमच्या स्कॉटलंडच्या काउन्सिलांना, तिथे पद्धतच निराळी. इंग्लंडमध्ये फुलीच. आणि आणखी कुणी यायच्या आत सांगून टाकतो, गेल्या वर्षी लंडनच्या मेयरला, म्हणजे सादिक खानच्या वेळी, पहिली पसंती आणि दुसरी पसंती असे दोन कॉलम होते, त्याचाही इथे काही संबंध नाही.

माई, तुमचं मत शंभर टक्के धरलंय. तीन म्हणजे जास्तीत जास्त तीन, एक चालते, दोन चालतात. चार मारल्या असत्या तर मात्र अख्खा कागद बाद.

कुंभार्ली_घाट

व्हिसावर असताना मत देता येतं??? मी चार वर्षं रेडिंगला आहे, मला कुणी सांगितलं नाही.

टेम्सकाठचा

येतं. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे राहायचा वैध व्हिसा असलेला भारतीय नागरिक काउन्सिललाच काय, पार्लमेंटलाही मत देऊ शकतो. माझ्या ऑफिसातला अमेरिकन कलीग पंधरा वर्षं इथे टॅक्स भरतोय, त्याला नाही देता येत, त्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. आज रात्रीच ऑनलाइन नाव नोंदवून टाका, पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मत द्यायचं नसलं तरी नोंदवा, मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट चेकला मदत होते, घर घेताना कळेल. उभं राहायचं असेल तर मात्र नुसत्या व्हिसावर जमत नाही, त्याला आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) लागतं.

अवांतर झालं, क्षमस्व माई.

वैदेही_उत्तररात्र

मी आमच्या बरोमध्ये (स्वतःची काउन्सिल असलेला लंडनचा एक भाग, आमचा हॅरो नाही) दोनदा मतमोजणीला बसलेय, पैसे मिळतात आणि रात्रभर वाईट चहा मिळतो, त्यामुळे लांबण लावते, सांभाळून घ्या.

पेट्या आल्या की आधी नुसते कागद मोजतात, कुणाला मत आहे ते न बघता, म्हणजे केंद्रावर दिलेले कागद आणि पेटीतून निघालेले कागद जुळतात का एवढंच. टर्नआउटचा, म्हणजे किती जण मतदानाला आले त्याचा आकडा या कागदांवरून येतो, मतांवरून नाही, तुमची पहिली गाठ तिथे सुटते. मग वेगवेगळ्या केंद्रांचे कागद एकत्र मिसळतात. आपल्याकडे बूथवार आकडे निघतात आणि दुसऱ्या दिवशी नगरसेवकाची माणसं सांगत फिरतात की तुमच्या सोसायटीने आम्हाला मत दिलं नाही, तसं इथे करता येत नाही कारण निकाल अख्ख्या वॉर्डाचाच लागतो. मला हे फार आवडतं.

नंतर खरी कटकट. ज्यांनी एकाच पक्षाच्या तिघांना मत दिलंय त्यांचे कागद वेगळे काढतात, त्यांचे गठ्ठे बांधले की झालं, एक कागद म्हणजे त्या तिघांना प्रत्येकी एक. उरलेले सगळे मिसळीचे, कुणी दोन इकडे एक तिकडे, कुणी एकच. ते दोघीदोघींनी बसून, एकीने वाचायचं आणि दुसरीने मोठ्या तक्त्यावर रेघा ओढायच्या, असे एक-एक करून मोजावे लागतात. तुमच्या मिस्टरांसारखे लोकशाहीवाले जितके जास्त तितकी आमची घरी जायची वेळ पुढे जाते, त्यांना माझा निरोप सांगा.

आता बाद मतांचं. त्या पानावर बहुतेक चार कारणं दिसतील : कागदावर अधिकृत खूण नाही, हक्कापेक्षा जास्त फुल्या, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलंय, आणि कोरा कागद किंवा फुली कुणाला आहे तेच कळत नाही. कमी फुल्या हे कारणच नाही त्यात. उलट तीनपैकी दोन फुल्या स्वच्छ आणि तिसरी दोन नावांच्या मधल्या रेषेवर असली तरी स्वच्छ दोन धरतात आणि तेवढी तिसरीच सोडतात. त्यामुळे निवांत झोपा.

आकडेमोड_आजोबा

माई, पाय चार्टकडे वळू या, मुलाचा गृहपाठ बाजूलाच पडला.

समज १०० माणसं आली. ७० जणांनी तिन्ही फुल्या मारल्या, २० जणांनी दोन-दोन, १० जणांनी तुझ्यासारखी एकच. मतं झाली २१० अधिक ४० अधिक १०, म्हणजे २६०. आता एखाद्या उमेदवाराला ५० मतं असतील तर आलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी त्याला पसंत केलं, पण एकूण मतांत त्याचा वाटा साधारण १९ टक्केच. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पाय चार्टला एकूण शंभर लागतात म्हणून तिथे २६० नेच भागायचं.

पण त्यात एक अन्याय आहे. ज्या छोट्या पक्षाने एकच माणूस उभा केला त्याला एका मतदाराकडून फार तर एक मत मिळणार, मोठ्यांना तीन, म्हणजे छोट्याचा तुकडा आहे त्याहून बारीक दिसतो. म्हणून बरेच अभ्यासक प्रत्येक पक्षाचा सगळ्यात जास्त मतं मिळालेला एकच उमेदवार घेतात आणि त्या आकड्यांच्या बेरजेने भागतात. मी असतो तर हेच केलं असतं आणि खाली एक ओळ लिहिली असती की कसं काढलं.

एक गंमत मुलाला करायला सांग. एकाच पक्षाच्या तिघांची मतं बघ, सारखी नसतील. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या आद्याक्षराने लावतात, आणि लोक वरून खाली येताना दमतात. वरच्या नावाला जास्त आणि खालच्याला कमी असं तुमच्या वॉर्डात दिसतंय का ते त्याला शोधू दे. दरवेळी दिसेलच असं नाही, पण पोराला पाय चार्टपेक्षा मजा येईल.

रेनर्सलेनची_माई

आजोबा दंडवत! आणि वैदेही, निरोप पोचवला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणखी एक. मुलाला चार्टच्या खाली अख्ख्या बरोचं दोन ओळीत लिहायचंय. वेबसाइटवर दिसतंय कॉन्झर्वेटिव्ह ३१, लेबर २४, एकूण ५५. मागच्या वेळी २०१८ ला लेबर ३५ आणि कॉन्झर्वेटिव्ह २८ होते. मग लेबरने ११ गमावल्या पण समोरच्यांना ३ च मिळाल्या, बाकीच्या ८ गेल्या कुठे? इतर कुणीच निवडून आलेलं नाही. मी परत एक्सेल उघडलं नाही, सरळ इथे आले.

टेम्सकाठचा

हाहा, त्या ८ जागाच नाहीशा झाल्या. आधी सभागृह ६३ चं होतं, यावेळी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि ५५ केलं. त्यामुळे २०१८ आणि २०२२ च्या जागा शेजारीशेजारी मांडून इतक्या वाढल्या नि इतक्या घटल्या म्हणणं फसवं आहे, वॉर्डच ते राहिले नाहीत. मुलाला लिहू दे की लेबरकडून सत्ता कॉन्झर्वेटिव्हकडे गेली, बहुमताला २८ लागतात, त्यांच्याकडे ३१ आहेत, झालं.

आणि लंडनच्या इतर भागात त्याच दिवशी बरोबर उलटा वारा होता हे पण लिहायला सांग, टीचर खूश होतील. वेस्टमिन्स्टर, वाँड्सवर्थ, बार्नेट ही तीन काउन्सिलं कॉन्झर्वेटिव्हनी लेबरला घालवली आणि हॅरो मात्र मिळवलं. का, यावर प्रत्येकाचं वेगळं मत आहे, आमच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस महाभारत चाललंय, इथे सुरू करू नका.

कुंभार्ली_घाट

मग आता हॅरोचा महापौर कॉन्झर्वेटिव्ह का?

टेम्सकाठचा

महापौर शोभेचा असतो हॅरोला, गळ्यात साखळी घालून फिती कापतो. कारभार लीडरच्या हातात, आणि लीडर बहुमतवाल्या गटाचा, म्हणजे २०२२ च्या या निकालानंतर पॉल ऑसबॉर्न. क्रॉयडन, न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स अशा काही ठिकाणी मात्र मेयर थेट लोक निवडतात आणि तोच खरा मालक. कचऱ्याच्या डब्याची तक्रार दोघांकडेही करू नका, वॉर्डाच्या काउन्सिलरला ईमेल करा, ते उत्तर देतात. निवडणुकीनंतर पहिले काही महिने तर नक्कीच देतात.

पेठेतला_एक

तुमचं बरंय. आमच्या पुण्यात मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसला, ईमेल कुणाला करायचा. चारचा प्रभाग, तीनचा प्रभाग, ओबीसी आरक्षण, कोर्ट, या २०२२ मध्ये सगळं चालू आहे फक्त निवडणूक नाही.

वैदेही_उत्तररात्र

माई, एक सांगायचं राहिलं. तुमची एक फुली वाया नाही गेली, एका अर्थी जास्त वजनाची होती. बाकीची दोन मतं तुम्ही तुमच्या उमेदवाराच्या स्पर्धकांना दिली नाहीत, आणि तीन जागांच्या वॉर्डात एकाच पक्षाचे तिघंसुद्धा आकड्यात एकमेकांचे स्पर्धकच असतात. एखादाच उमेदवार मनापासून हवा असेल तर लोक मुद्दाम एकच मारतात. तुम्ही चुकून मारली एवढाच फरक.

आणि पुढच्या वेळी फोटो ओळखपत्र लागेल, कायदा एप्रिल २०२२ मध्येच झालाय. यावेळी नाव-पत्ता सांगून काम झालं तसं गृहीत धरू नका.

रेनर्सलेनची_माई

अपडेट : पाय चार्ट झाला, आजोबांच्या पद्धतीने, खाली ओळ पण लिहिली. आडनावांची गंमत त्याने स्वतः तपासली. दोन पक्षांत वरचं नाव पुढे निघालं, तिसऱ्यात मधलं, तर आता त्याला बाकीच्या २१ वॉर्डांचं पण बघायचंय आणि मला एक्सेल परत उघडावं लागणार आहे.

नवऱ्याला वैदेहीचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणतो चुकून मारलेली फुली स्ट्रॅटेजी म्हणून खपवू नकोस.