मदत हवी आहे: जानीबेगच्या नाण्यावरचा शेवटचा आकडा २ की ३?

गोल्डन होर्डचा, म्हणजे व्होल्गाकाठच्या मंगोल खानांचा, एक चांदीचा दिरहम माझ्याकडे आहे. वजन १.५१ ग्रॅम, व्यास साधारण १६ मिमी, आकार जरा वेडावाकडा. एका बाजूला 'सुलतान अल्-आदिल जलालुद्दीन महमूद जानीबेग खान' हे नाव स्पष्ट वाचता येतं (राज्यकाळ १३४२ ते १३५७). दुसरीकडे 'जर्ब सराय अल्-जदीदा', म्हणजे टांकसाळ नवी सराय. खाली हिजरी साल अंकांत आहे. ७ आणि ५ नक्की आहेत. शेवटच्या आकड्याच्या माथ्यावर मात्र ठसा घसरलाय. एक खाच दिसते, त्यामुळे ७५२ वाटतं. पण तिरप्या उजेडात दुसरीही खाच असल्याचा भास होतो, मग ७५३.

भिंगातून पाहिलं, मोबाइलने मोठे फोटो काढले. उर्दू वाचणाऱ्या काकांनीही हात टेकले. होर्डच्या नाण्यांवर काही वेळा अंक उलटे कोरलेले असतात, म्हणून आरशातही पाहून झालं! नाणं घासणार नाही, विकायचंही नाही. किंमत सांगू नका.

फोटो जोडलेत. ७५२ आणि ७५३ च्या ठशांत आकड्याखेरीज, नक्षीत किंवा अक्षरांच्या मांडणीत, ओळखता येईल असा काही फरक आहे का?