डेल लॅपटॉपला जास्त अँपिअरचा अडॅप्टर चालेल का?

प्रश्न: माझ्या मूळ अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट, असे लिहिले आहे. दुकानदार मात्र तेवढ्याच व्होल्टचा, पण ४.६२ अँपिअरचा देत आहे. त्याने लॅपटॉप जळेल का?

उत्तर: जळणार नाही. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, परंतु अँपिअर ही अडॅप्टरची क्षमता असून लॅपटॉप आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतो.

दुसरे उत्तर: सहमत, तरी पिन तपासावी, डेलमध्ये ७.४ आणि ४.५ मिलिमीटर असे दोन प्रकार सर्रास आढळतात. शिवाय पिनमधल्या बारीक सुईवरून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो, आणि स्वस्त नकलेत ही ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी सहसा चार्ज होत नाही.

प्रश्नकर्ता: माझी पिन बारीक आहे आणि दुकानातली जाड, त्यामुळे तो घेत नाही.