अपक्ष उमेदवाराची सूचक म्हणून सही करावी का? (इंदूर, विधानसभा)

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वसाहतीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका पुढील विधानसभा निवडणूक अपक्ष म्हणून लढवण्याचा गंभीरपणे विचार करीत आहेत. आम्ही सारे त्यांना बाई म्हणतो. कोणत्याही पक्षाशी त्यांचा संबंध नाही. मात्र गेली सात-आठ वर्षे जवळपास दर मंगळवारी त्या कोणा ना कोणाचा कागद घेऊन कलेक्टर कार्यालयातील जनसुनवाईला जातात. कधी एखाद्या विधवेचे अडलेले पेन्शन असते, कधी नर्मदेच्या पाण्याच्या जोडणीचे चुकीचे बिल, तर कधी पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या नाल्याचा अर्ज. त्यांच्या पिशवीत पावत्यांची एक जाडजूड फाइल असते आणि प्रत्येक पावतीवर पुढच्या खेपेची तारीख पेन्सिलीने लिहिलेली असते.

परवा त्यांनी मला विचारले, "माझे सूचक व्हाल का?" मी लगेच होकार दिला नाही, आणि याचे मला तेव्हापासून वाईट वाटत आहे. माझ्या मनात दोन शंका आहेत. सूचक म्हणून सही केल्याने माझ्यावर कोणती कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी येते, ही पहिली. दुसरी शंका त्याहून मोठी आहे. माझा मुलगा म्हणतो की अपक्षाला दिलेले मत वाया जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत येथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, त्यानंतर या शहराने नोटाला, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' या पर्यायाला, २,१८,६७४ मते दिली. यंत्रावर तेव्हा अपक्षांचीही नावे होती, परंतु आमच्या घरात त्यांच्यापैकी एकाचीही कोणाला ओळख नव्हती. बाईंची तीच गत झाली तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामाचा तो अपमान होईल, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकिलीतला माणूस

रामबागकरसाहेब, पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. सूचकावर आर्थिक जबाबदारी कोणतीही येत नाही. खर्चाचा हिशेब, अनामत रक्कम, शपथपत्रातील मजकुराचा खरेपणा हे सर्व उमेदवाराचे दायित्व असते. आपण सहीने एवढेच सांगता की मी या मतदारसंघाचा मतदार आहे आणि या व्यक्तीचे नाव सुचवतो.

परंतु ही सही किरकोळ समजू नये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते दहाही त्याच विधानसभा मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. १९९६ च्या दुरुस्तीने ही अट आली. त्याच वर्षी तामिळनाडूतील मोडाकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे होते आणि आपल्या बेळगावच्या लोकसभा मतदारसंघात ४५६. मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली होती. विधानसभेसाठी तोपर्यंत अनामत रक्कम २५० रुपये होती. ती ५,००० झाली आणि पुढे १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी भरावी लागते.

काही वर्षांपूर्वी मी एका अपक्ष उमेदवाराचे कागद तयार करून दिले होते. अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी, तीन वाजायला वीस मिनिटे असताना आम्ही आत गेलो. सह्या दहाच होत्या, एकही जास्तीची नव्हती. दुसऱ्या दिवशी छाननीत उघड झाले की एका सूचकाचे नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत आहे. नऊ सह्या बरोबर असूनही अर्ज फेटाळला गेला. चूक माझी होती. मतदार यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मी सूचकांनी तोंडी सांगितले तसे उतरवले होते, चालू यादीशी ताडून पाहिले नव्हते. त्या गृहस्थांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

म्हणून बाईंना सांगा की एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत दाखल करता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. दहा-दहा वेगळ्या सूचकांचे किमान दोन अर्ज द्यावेत. शपथपत्रातील एकही रकाना कोरा ठेवू नये. जेथे सांगण्यासारखे काही नाही तेथे "निरंक" असे स्पष्ट लिहावे. उमेदवाराची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झालेली असली पाहिजे. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळे खाते आधीच उघडावे. आपल्या राज्यात विधानसभेची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. बाई तिच्या जवळपासही जाणार नाहीत, तरी निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावाच लागतो. मत किती पडले याच्याशी त्याचा संबंध नाही. हरलेले कितीतरी अपक्ष येथेच चुकतात आणि तीन वर्षांसाठी निवडणूक लढवण्यास अपात्र ठरतात.

निवृत्त पीठासीन अधिकारी

मी नोकरीत असताना वेगवेगळ्या निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळले आहे. दुसऱ्या शंकेविषयी, म्हणजे मत वाया जाण्याविषयी, मी केंद्राच्या आतून जे पाहिले ते सांगतो.

मतदान सकाळी सात वाजता सुरू होत असेल तर त्याच्या दीड तास आधी, साडेपाचला, अभिरूप मतदान घ्यावे लागते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकून यंत्र बरोबर मोजते की नाही हे दाखवायचे, ती मते पुसायची आणि मग यंत्राला मोहोर लावायची. कागदावर चौदा-पंधरा उमेदवार असायचे आणि त्या वेळी माझ्यासमोर डोळे चोळत बसलेले प्रतिनिधी दोन, फार तर तीन. ते दोघे मोठ्या पक्षांचे. अपक्षांच्या नावापुढे माझ्या नोंदीत रेघ. एकदाच असे झाले की एका अपक्ष उमेदवाराची साठीच्या आसपासची बहीण थर्मासमध्ये चहा घेऊन पाच वाजून दहा मिनिटांनी आली, तिने नेमणुकीचा फॉर्म नीट भरून आणला होता आणि दिवसभरात ती जागेवरून फक्त दोनदा उठली. संध्याकाळी मी तिला १७-क नमुन्याची प्रत दिली. त्या केंद्रात एकूण किती मते पडली याची सही-शिक्क्याची ती नोंद असते. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातील आकडा त्याच्याशी पडताळता येतो. ज्याचा प्रतिनिधी केंद्रात नाही, त्याच्या हातात ती प्रत पडत नाही.

एका मतदारसंघात दोनशेहून अधिक केंद्रे असतात. प्रत्येक ठिकाणी एक भरवशाचा माणूस आणि त्याला दुपारी जेवायला सोडणारा दुसरा, एवढी माणसे अपक्षाकडे नसतात. पक्षांकडे ती बारा महिने असतात. अपक्ष कोठे मागे पडतो, हे मला विचाराल तर मी या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवीन. यंत्रावरील नावांच्या क्रमाचीही पुष्कळ चर्चा होते. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष हा क्रम खरा आहे, परंतु आता नावासमोर छायाचित्र असते आणि ज्याला ठरवून मत द्यायचे आहे तो मतदार बटण शोधतो. चिन्हाविषयी मात्र बाईंनी काळजी घ्यावी. अर्जात मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतीक्रमाने लिहायची असतात. म्हाताऱ्या माणसाला दुरून ओळखता येईल आणि दुसऱ्या कोणत्याही चिन्हासारखे दिसणार नाही असे चिन्ह निवडावे. २०२४ मध्ये साताऱ्यात तुतारी आणि पिपाणी यांच्या सारखेपणावरून केवढा वाद झाला, हे आपण वाचलेच असेल.

माळव्यातला वाचक

वरील दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, परंतु मला रामबागकरांच्या मुलाची बाजूही मांडावीशी वाटते, कारण त्याचे म्हणणे निराधार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेश विधानसभेच्या २३० जागांसाठी मतदान झाले आणि त्यांत एकही अपक्ष निवडून आला नाही. त्याच्या आधी, २०१८ मध्ये चार आले होते: वारासिवनी, बऱ्हाणपूर, सुसनेर आणि भगवानपुरा येथून. त्या वेळी काँग्रेसला ११४ जागा होत्या, बहुमताला ११६ लागत होत्या, म्हणून त्या चौघांना एकाएकी फार महत्त्व आले आणि वारासिवनीचे प्रदीप जायसवाल तर मंत्री झाले. बऱ्हाणपुरात सुरेंद्रसिंह ठाकूर ऊर्फ शेरा यांनी तेव्हाच्या मंत्री अर्चना चिटणीस यांना हरवले होते.

परंतु हे कोण होते? जायसवाल काय, शेरा काय, पक्षातून बाहेर पडलेली माणसे. तिकीट मिळाले नाही म्हणून जो बाहेर पडतो तो येताना कार्यकर्ते, गाड्या आणि केंद्रावर बसणारी पोरे घेऊन येतो. आपल्या शेजारच्या महूचे पाहा. २०२३ मध्ये काँग्रेसचे माजी आमदार अंतरसिंह दरबार अपक्ष लढले, दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि काँग्रेसचा अधिकृत उमेदवार तिसरा गेला. वृत्तपत्रे त्यांनाही निर्दलीय म्हणतात आणि बाईंनाही निर्दलीयच म्हणतील, मात्र या दोन जाती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. बंडखोराच्या यशावरून बाईंच्या यशाचा अंदाज बांधू नये.

याच इंदुराने १९६२ मध्ये होमी दाजी यांना लोकसभेवर पाठवले, तेही अपक्ष म्हणून. ते कम्युनिस्ट होते, मात्र त्यांना निवडून दिले ते गिरण्यांच्या चाळींनी. माझे वडील मालवा मिलमध्ये होते आणि त्यांच्याकडून मी ऐकले आहे की त्या निवडणुकीत पाळी सुटली की कामगार घरी न जाता थेट प्रचाराला जात. दाजींच्या मागे पक्षाच्या चिन्हाची पुण्याई नव्हती, पण माणसे होती, आणि ती निवडणुकीच्या आधी कित्येक वर्षे त्यांच्याबरोबर होती. आता ना त्या गिरण्या राहिल्या, ना त्या पाळ्या. बाईंची फाइल ही त्या चाळींची जागा घेऊ शकेल का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. ज्यांची कामे त्यांनी केली ती माणसे मतदारसंघभर पसरलेली आहेत की दोन-तीन गल्ल्यांत एकवटलेली, हे त्यांनी पावत्या पाहून मोजावे. गल्ल्यांतच असतील तर आधी नगर निगमच्या वॉर्डाची निवडणूक लढवणे मला अधिक रास्त वाटते.

नोटाच्या आकड्याविषयीही एक सांगतो. त्या वेळी नोटाला मत द्या असा प्रचारच झाला होता, त्यामुळे ती सारी मते अपक्षांवरील अविश्वासाची होती असे मानू नये. तरीही दोन लाखांहून अधिक लोक मतदान केंद्रापर्यंत गेले आणि ओळखीचे नाव नाही म्हणून किंवा रागाने शेवटचे बटण दाबून परत आले. ते बटण कोणाला निवडून आणत नाही आणि अनामत वाचवताना ती मते वैध मतांत धरलीही जात नाहीत. ओळखीचा, विश्वासाचा अपक्ष समोर असता तर त्यांतले काही तरी लोक थांबले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वकिलीतला माणूस

अनामतीचा विषय निघाला म्हणून हिशेब सांगतो. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच हरलेल्या उमेदवाराला ती परत मिळते. दीड लाख वैध मते पडली तर पंचवीस हजारांच्या वर जावे लागेल. बाईंनी ते दहा हजार गेलेच असे धरून चालावे. मुदतीत अर्ज मागे घेतला तर मात्र रक्कम परत मिळते. आणखी एक गोष्ट मतदारांना आधीच सांगून ठेवणे बरे: अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, तो अपात्र ठरतो. सरकारला बाहेरून पाठिंबा देता येतो, मंत्रीही होता येते, पक्षप्रवेश करता येत नाही. "निवडून आल्यावर तुम्ही कोणाकडे जाणार?" असे त्यांना घरोघरी विचारले जाईल, तेव्हा हे उत्तर त्यांच्याजवळ तयार असावे.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ही सर्व उत्तरे मी बाईंना वाचून दाखवली. वॉर्डाच्या निवडणुकीची सूचना त्यांना पटली नाही. नाला दोन वॉर्डांतून वाहतो, असे त्यांनी मला सांगितले, आणि यावर मला काही बोलता आले नाही. त्यांनी पावत्यांची फाइल जमिनीवर पसरली आणि आम्ही दोघांनी पत्त्यांप्रमाणे ढीग लावले. तीन ढीग मोठे झाले, बाकी सारे लहान, पण लहान ढीग मतदारसंघाच्या चारही बाजूंचे होते. मग त्यांनी शाळेची एक जुनी वही काढून सूचकांची यादी लिहिली. पहिले नाव माझे आहे. मी होकार दिला.

अडचण अशी निघाली की ज्या दहा जणांना आम्ही गृहीत धरले होते त्यांतील दोघे रस्त्याच्या पलीकडे राहतात आणि त्यांचा मतदारसंघ वेगळा आहे. तिसरे एक गृहस्थ चार वर्षांपूर्वी मुलाकडे, याच मतदारसंघातील दुसऱ्या भागात राहायला गेले, परंतु मतदार यादीत त्यांचे नाव अजून जुन्या पत्त्यावर, म्हणजे त्या पलीकडच्याच मतदारसंघात आहे. त्यांना सूचक करता येईल का?

वकिलीतला माणूस

रस्त्यापलीकडील दोघांना नाही. त्यांना प्रचारात घ्या. तिसऱ्या गृहस्थांनी मात्र पत्ता बदलल्याचा फॉर्म ८ भरून नाव नव्या मतदारसंघात आणून घ्यावे. अर्ज ऑनलाइन करता येतो, नाहीतर त्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, द्यावा. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटल्यावर यादीत नाव चढत नाही. नाव आल्यानंतर नवा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक छापील यादीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बाईंच्या वहीत उतरवावा. आणि दहाऐवजी पंचवीस नावे गोळा करावीत.