मदत हवी आहे: माणसांचे स्वभाव सांगणारे इंग्रजी शब्द पाठ आहेत, तरी समानार्थी शब्द चुकतात

छत्रीबाग_इंदूर
भाचा एसएससी सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर नोकरभरती परीक्षेच्या टिअर वनची (पहिल्या टप्प्याची) तयारी करतोय. इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि चुकलं की अर्धा गुण वजा. व्याकरण बरं आहे. घोळ होतो तो कंजूष, हट्टी, लबाड, बडबड्या असल्या माणसांच्या शब्दांत. इथल्या भंवरकुआँ भागातल्या क्लासमध्ये मिळालेली हिंदी अर्थांची यादी तोंडपाठ आहे, पण चारातले दोन पर्याय त्याला सारखेच वाटतात. कालच्या सरावात 'ऑब्स्टिनेट'ला (हट्टी) समानार्थी म्हणून 'रेझोल्यूट'वर (दृढनिश्चयी) खूण केली, बरोबर असलेलं 'हेडस्ट्राँग' शेजारीच होतं. यादी बदलू की पद्धत?

शब्दखुळा
यादी राहू द्या, तिच्यातला हिंदी रकाना खोडा. ऑब्स्टिनेटपुढे 'जिद्दी' छापलेलं असणार. हिंदीत जिद्दी म्हणजे कुणाचं न ऐकणारा. आपल्याकडे ती शाबासकी असते: 'पोरगी जिद्दीने शिकली.' मुलगा वाचतो हिंदी, अर्थ लावतो मराठी, आणि थेट रेझोल्यूटवर जाऊन बसतो.

'चालाक'चंही तेच. मराठीतलं चलाख म्हणजे चपळ, तरतरीत. हिंदीतल्या चालाकला लबाडीचा वास येतो. त्या यादीत क्लेव्हर, श्र्यूड, अस्ट्यूट, कनिंग, स्लाय सगळे 'चालाक' या एकाच खुंटीला टांगलेले असतात. मराठीत प्रत्येकाला वेगळी खुंटी आहे: क्लेव्हर हुशार, श्र्यूड व्यवहारचतुर, अस्ट्यूट चाणाक्ष, कनिंग कावेबाज, स्लाय आतल्या गाठीचा, वायली बेरकी. पहिले तीन तोंडावर म्हणता येतात. उरलेले माणूस उठून गेल्यावर.

समानार्थी म्हणजे अर्थ जवळचा, पण बोलणाऱ्याचं मत निराळं असू शकतं, हे त्याला आधी कळू द्या. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर याचा नमुनाच दिला होता: मी फर्म (ठाम), तुम्ही ऑब्स्टिनेट, तो पिगहेडेड (हटवादी) मूर्ख. हट्ट तोच, फक्त माणूस बदलला.

तेव्हा प्रत्येक कल्पनेची शिडी काढा. वर कौतुक, मध्ये नुसतं वर्णन, खाली शिवी. पैशाची अशी होईल: थ्रिफ्टी आणि फ्रूगल वर, दोन्ही काटकसरी. टाइटफिस्टेड, स्टिंजी खाली, म्हणजे चिक्कू. तळाला मायझर्ली आणि पार्सिमोनियस, आपला कवडीचुंबक. प्रश्नातला शब्द ज्या पायरीवर, उत्तरही तिथेच किंवा लगतच्या पायरीवर शोधायचं. दोन पायऱ्या ओलांडून उडी मारली की अर्धा गुण गेला.

छत्रीबाग_इंदूर
पटलं. पण नव्या शब्दाची पायरी त्याने ओळखायची कशी?

शब्दखुळा
इंग्रजी-हिंदी कोश बाजूला ठेवून लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश, बघायला लावा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्ही नेटवर फुकट. अर्थाच्या आधी 'अप्रूव्हिंग' (कौतुकाचा) किंवा 'डिसअप्रूव्हिंग' (नापसंतीचा) असा शिक्का असतो, मुलं तो वाचतच नाहीत. 'फॉर्मल' हा शिक्काही टिपून घ्या. बडबड्यासाठी गॅर्युलस आणि लोक्वेशस दोन्ही फॉर्मल, चॅटरबॉक्स घरगुती.

सराफा_रात्री
शिडी समजवायला आपल्या इंदूरच्या सराफ्याइतकी, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराइतकी, चांगली जागा नाही. रात्री तिथे उभं राहून भाच्याला माणसं दाखवा. जो भुट्ट्याचा कीस एक चमचा चाखून 'आज मसाला जरा पुढे गेलाय' म्हणतो तो गूर्मे, म्हणजे चोखंदळ खवय्या. गराडू (तळलेला कंद), जलेबी, मग मावाबाटी असं मजेत पण जरा जास्तच खाणारा तो गूर्मांड. पहिला घास तोंडात असताना दुसऱ्याच्या दोन्यावर नजर ठेवणारा ग्लटन, म्हणजे अधाशी. गूर्मे आणि गूर्मांड एकाच प्रश्नात आले की बहुतेकांची गल्लत होते. चोखंदळपणा गूर्मेकडे, प्रमाण गूर्मांडकडे.

मूळधातू
वन वर्ड सब्स्टिट्यूशनसाठी, म्हणजे वर्णनावरून एक शब्द ओळखायच्या प्रश्नांसाठी, मात्र शिडी पुरत नाही, तिथे ग्रीक तुकडे फोडायचे. मिस म्हणजे द्वेष. मिसॅन्थ्रोप माणसांचा, मिसॉजिनिस्ट स्त्रियांचा, मिसॉगमिस्ट लग्नाचा. शेवटचे दोन परीक्षेत मुद्दाम शेजारी ठेवतात. 'गॅमी' दिसलं की लग्न, मोनोगॅमी आठवा.

ड्रंकर्ड (दारुडा), कॉवर्ड (भित्रा), स्लगर्ड (आळशी) यांच्या शेपटीचा 'आर्ड' बहुधा निंदेचा असतो. मात्र प्रत्येक 'आर्ड' तसा नाही. स्ट्यूअर्डची घडण वेगळी, तो बिचारा कारभारी.

स्वभावाचे चार जुने शब्द तर आयुर्वेद ऐकलेल्या घराला फुकटात मिळतात. युरोपातही शरीरातल्या चार द्रवांवरून स्वभाव ठरवत. कॉलेरिक पित्ताचा, म्हणून संतापी. आपलंही पित्त खवळतंच. फ्लेग्मॅटिक कफाचा, म्हणून थंड. सँग्विन रक्ताचा, उत्साही, आशावादी. मेलँकॉलिक काळ्या पित्ताचा, उदास.

शब्दखुळा
मूळधातू, मान्य, पण धातूवर विसंबून स्पेंडथ्रिफ्टला काटकसरी ठरवणारे ढीगभर आहेत. साठवलेलं खर्चून टाकतो तो स्पेंडथ्रिफ्ट, म्हणजे उधळ्या. त्याचा जोडीदार प्रॉडिगल.

असे दिसायला सारखे शब्द वेगळ्या कागदावर घ्या. इन्जीनियस कल्पक, इन्जेन्युअस निष्कपट. चाइल्डलाइक निरागस, चाइल्डिश बालिश. ईगोइस्ट स्वतःचं हित बघतो, ईगोटिस्ट स्वतःबद्दलच बोलत राहतो. ऑफिशस म्हणजे अधिकारी नव्हे, लुडबुड्या.

छत्रीबाग_इंदूर
रोज किती शब्द? परीक्षेला दहा आठवडे आहेत.

सराफा_रात्री
रोज एक शिडी, पाच ते सात शब्द, त्याहून जास्त नको. खजुरी बाजारातून जाड कार्डशीट आणा आणि पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. पुढे मराठी शब्द आणि एक रिकामी जागा असलेलं इंग्रजी वाक्य, मागे शिडी. वाक्य पूर्ण शिडीला एकच ठेवा, म्हणजे शब्द बदलला की टोन बदललेला कानाला कळतो. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी तेच कार्ड परत. चुकलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. सहा आठवड्यांत चाळीसेक शिड्या होतील, उरलेले चार नुसत्या उजळणीला आणि जुन्या पेपरांना.

आणि मागची बाजू बघून नुसतं 'हो, येतं' म्हणू देऊ नका. बघून ओळखणं निराळं, न बघता आठवणं निराळं. उत्तर आधी लिहायचं, मग कार्ड उलटायचं.

पाहुणी_बडोदा
मध्येच विचारते. स्थळाच्या माहितीत 'होमली गर्ल' लिहितात, तो शब्द कुठल्या पायरीवर?

शब्दखुळा
ताई, आपल्याकडे तो घर सांभाळणारी, साधी अशा अर्थाने वरच्या पायरीवर. अमेरिकेत तोच माणसाबद्दल वापरला तर दिसायला यथातथा, म्हणजे पार खाली. स्थळ तिकडचं असेल तर 'होम लव्हिंग' लिहा.