सिकेटरसाठी (छाटणीच्या कात्रीसाठी) चामड्याचं म्यान घरी शिवायचंय, कातडं कोणतं घेऊ?

लिंबूबाग_पाचोरा
राम राम मंडळी. आमच्या नानांचा सिकेटर दिवसभर लेंग्याच्या खिशात असतो. लिंबाची वाळकी काडी दिसली की काढला, छाटली, परत खिशात. खिसे फाटतात ते जाऊ द्या, पण बांधावर बसताना टोक मांडीत घुसेल याची मला धास्ती आहे. म्हणून स्वतःच्या हाताने म्यान शिवून द्यायचं ठरवलंय. नाना बेल्ट लावत नाहीत, लेंग्याला नाडीच.
कातड्याचे दोन नमुने आणलेत. एक काळं, मऊ, कापलेली कड निळसर. दुसरं बदामी, पुठ्ठ्यासारखं ताठ. मऊ शिवायला सोपं वाटतंय, तेच घेऊ का? आणि चप्पल शिवतात त्या आरीने शिलाई होईल?

तापीकाठ_शहादा
भाऊ, ताठ घ्या. निळसर कड म्हणजे क्रोमने कमावलेलं. पिशवीला ते चांगलं, पण ओलं करून दिलेला आकार धरत नाही, आणि मऊ कातड्यातून टोक आरपार येईल. बदामी बहुतेक झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं असणार. त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला आणि डाग गडद झाला, तर हेच हवं. जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास बघा.

मला हा नाद सारंगखेड्याच्या यात्रेत लागला. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिथे सगळे घोडे बघायचे आणि मी खोगीर-लगामवाल्यांच्या दुकानापुढे उभा. खोगिराची शिलाई म्हणजे दोरा एकच, पण दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एखादा टाका तुटला तरी बाकीची शिलाई उसवत नाही. आरीच्या टोकाला आकडा असतो, ती दोऱ्याचा फास ओढते. या शिलाईला साधा टोचा लागतो. भोकं आधीच 5 मिलिमीटरवर पाडून घ्या. दोरा शिलाईच्या चौपट, वर हातभर जास्त, आणि त्याला मधमाशीचं मेण चोळा.

एक गोष्ट अजिबात गाळू नका. दोन थरांच्या मध्ये, शिलाईच्या कडेने, बोटभर रुंद कातड्याची पट्टी घाला. ती नसेल तर पातं रोज आत जाताना टाकेच कापतं. टोक टेकतं तिथे पट्टी दुहेरी ठेवा. तळाला बारीक भोक असू द्या, माती-पाणी निघून जातं.

शिवून झालं की कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. सिकेटर प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आत घाला, कारण असल्या ओल्या कातड्याला लोखंड लागलं की काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मग अंगठ्याने, चमच्याच्या पाठीने दाबत आकार उठवा. वाळवायचं सावलीतच. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन कातडं आकसवून तडकवतं.

कापूसवाली_ताई
नाडीला हे ओझं पेलणार नाही दादा. कापूस वेचताना आम्ही कमरेला ओटी बांधतो, तशी रुंद सुती पट्टी लेंग्यावरून बांधा आणि म्यान तिच्यात ओवा. मात्र पट्टी ओवायची घडी मागच्या तुकड्यावर आधीच शिवून घ्या. म्यान बंद झालं की आत सुई चालवता येत नाही.

लिंबूबाग_पाचोरा
ताई, पट्टीचं फार कामाचं सांगितलंत. बदामी तुकड्यावर थेंब टाकला, लगेच गडद झाला. वर झाकण आणि टिचबटण लावू का? तेल कधी लावायचं?

तापीकाठ_शहादा
झाकण नको. एक हात काटेरी फांदीला गुंतलेला असताना झाकण उघडणार कोण? मूठ 6 सेंटिमीटर बाहेर ठेवा. आकार नीट बसला की सिकेटर वाकल्यावरही पडत नाही.
तेल पूर्ण वाळल्यावरच, तेही हलका हात. आधी लावलं तर पाणी मुरत नाही, जास्त झालं तर ताठपणा जातो. रात्री सिकेटर म्यानात राहू देऊ नका, ओल धरून पातं गंजतं.
आणि नाना डावखुरे असतील तर कातडं कापण्याआधी कागदाचा साचा उलटा करून घ्या.