बालवाडी चालवत राहायची की अंगणवाडीसाठी भांडायचं? (पूर्व नागपूर)

पारडीची_ताई

नमस्कार सगळ्यांना, लांबलचक लिहून राहिली पण प्लीज वाचा.

आम्ही चौघीजणी मिळून पारडीकडच्या एका वस्तीत ९ वर्षांपासून बालवाडी चालवतो. संस्था नोंदणीकृत आहे, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला दरवर्षी हिशेब जातो, पण संस्था म्हणजे काय तर आम्ही चौघी आणि एक टिनाची खोली. सध्या ३१ लेकरं आहेत, अडीच ते साडेपाच वर्षांची. आईबाप बहुतेक कळमना मार्केटला जातात, बाप हमालीला आणि आया मिरचीचे देठ खुडायला, बाकीचे बांधकामावर. सरकारी अंगणवाडी आहे, नाही असं नाही, पण ती भंडारा रोडच्या पलीकडे आहे आणि त्या रोडवरून दिवसभर ट्रक जातात, तीन वर्षांचं लेकरू कोणाच्या भरवशावर पाठवायचं? म्हणून आमच्या बाजूचं कोणीच तिकडे जात नाही.

आता झालं असं की ज्यांच्या देणगीवर दोन ताईंचं मानधन निघायचं त्यांनी कळवलं की मार्चनंतर जमणार नाही. त्यांची काही चूक नाही, इतकी वर्षं दिलं हेच खूप. पण एका मीटिंगमध्ये एक सर म्हणाले की तुम्ही ३१ लेकरांसाठी जेवढा जीव टाकून राहिल्या तेवढाच सरकारी अंगणवाडी नीट चालावी म्हणून टाकला तर कितीतरी जास्त लेकरांचं भलं होईल, आणि ते देणगीवर अवलंबून राहणार नाही. मला पटलं. आणि तरी रात्री झोप नाही आली.

कारण सांगते. आमच्याकडे एक पोरगा आहे, जूनमध्ये आला तेव्हा दारापाशीच बसायचा, चप्पल हातात धरून, कोणाशी बोलणं नाही. तीन महिने असेच गेले. मग एक दिवस चिंचोक्यांचा खेळ सुरू होता तर तो आपणहून आला, पाच चिंचोके ओळीत लावले, मोठ्यानं मोजले, आणि सहावा खिशात टाकला. मी विचारलं हा काऊन ठेवला रे, तर म्हणाला बहिणीचा आहे. अशा पोराला मी एप्रिलमध्ये काय सांगू, की आता ताई निवेदनं देत फिरणार आहे म्हणून शाळा बंद?

तर विचारायचं असं की आमच्यासारखी छोटी संस्था सरकारकडे मागणी वगैरे करू शकते का, की त्यानं नोंदणीवर काही येतं? जायचं कोणाकडे? आणि नेमकं मागायचं काय? नगरसेवकांकडे दोनदा जाऊन आलो, चहा झाला, बाकी काही नाही.

मैदानात_२०वर्षे

ताई आधी ऑफिसचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची दोन-दोन वर्षं जातात. शहरातल्या अंगणवाड्या महापालिकेच्या नाहीत. त्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या नागरी प्रकल्पाखाली येतात, म्हणजे तुमच्या भागाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, आणि त्यांच्या वर राज्याचं आयुक्तालय. खेड्यात जिल्हा परिषद असते म्हणून लोकांचा गोंधळ होतो. नगरसेवकाचा उपयोग एकच पण मोठा, जागा. समाजमंदिर किंवा मनपा शाळेची रिकामी खोली मिळवून द्यायला तो लागतो.

दुसरं, तुम्ही जे लिहिलं की रोडच्या या बाजूला काहीच नाही, हे तुमचं सगळ्यात मजबूत हत्यार आहे. सुप्रीम कोर्टाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, अन्नाच्या हक्काच्या खटल्यातला. त्यात स्पष्ट आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली किमान ४० लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. झोपडपट्टीलाही लागू आहे. लोक भावनेचं निवेदन देतात, 'आमच्या चिमुकल्यांचा विचार करावा' वगैरे, ते फाईलला लागून जातं. तुम्ही घरोघरी जाऊन मोजा. तान्ह्या बाळापासून मोजा, फक्त बालवाडीच्या वयाची नाही. यादी, आईची सही किंवा अंगठा, अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा ऑफिसचा शिक्का आणि तारीख. पोचवरची तारीख म्हणजे तुमच्या तीन महिन्यांची सुरुवात. पोच न घेता परत येऊ नका, तो शिक्का नसला तर पुढे काहीच सांगता येत नाही. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नोंदणीची भीती काढून टाका. कोणत्या पक्षाचा प्रचार करता येत नाही, पण सरकारला त्याच्याच योजनेची आठवण करून द्यायला काहीच अडचण नाही. आणि आपण नागपूरकर आहोत, डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार आपल्या दारात येतं. मोर्चा काढाच असं नाही म्हणत, मॉरिस कॉलेज टी पॉइंटपर्यंत जाऊन पोलिसांच्या बॅरिकेडसमोर बसणं तुम्हा चौघींना झेपणार नाही. पण दिवाळीच्या आसपास आपल्या आमदाराच्या हाती पोचची झेरॉक्स आणि यादी द्या, त्यांना सभागृहात प्रश्न लावायला नेमकं काहीतरी लागतंच.

सेविका_उत्तर_नागपूर

मी अंगणवाडी सेविका आहे, १७ वर्षं झाली. ताई तुमचं वाचून बरं वाटलं पण एक विनंती आहे, तुमच्यासारख्या संस्था येतात तेव्हा आधी आमचे फोटो काढतात. खोली गळते त्याचा फोटो, तक्ता फाटला त्याचा फोटो, मग रिपोर्टमध्ये छापतात की अंगणवाडीत शिकवणं होत नाही.

शिकवणं काऊन होत नाही हे कोणी विचारत नाही. सकाळी गेल्यावर हजेरी, मग पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपमध्ये भरणं, नेट नसलं की दारात उभं राहून भरणं, घरी न्यायचा आहार वाटायचा तर आता चेहरा पडताळणी, बाईचा चेहरा जुळला नाही की ती माझ्यावरच चिडते. वजन, उंची, दंडघेर. ज्या लेकराचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या खाली त्याच्या घरी पुन्हापुन्हा जावं लागते आणि गेलंच पाहिजे, ते मी कधी सोडलं नाही. त्यात लसीकरण, सर्वे, निवडणुकीचं काम. मदतनीस स्वयंपाक आणि भांड्यात गुंतलेली. योजनेत सहा सेवा आहेत, शाळापूर्व शिक्षण त्यातली एक, आणि ज्याला आकडा नाही ते मागे पडते. लेकरानं गाणं म्हटलं हे कुठल्या रकान्यात भरू बाप्पा?

३ ते ६ च्या लेकराला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन द्यायचं असं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरलं होतं, आणि त्यासाठी २०१७ ला केंद्राचा दर ठरला तो ८ रुपये रोज. तेवढ्यात डाळ, तेल, गॅस बघा तुम्हीच.

मागायचंच असेल तर आमच्याशी बोलून मागा. आम्हाला शिकवता येते, ट्रेनिंग झालं आहे. एक माणूस आणि दोन तास मोकळे द्या.

संत्रानगरी_७८

सेविकाताई, तुम्ही म्हणता तेच तामिळनाडूत करून पाहिलं आहे. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सोबतच्या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आहे, ३२० अंगणवाड्यांचा. काही केंद्रांत अर्ध्या दिवसासाठी एक जास्तीची ताई दिली, एवढंच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, लेकरं गणितात आणि भाषेत पुढे गेली, आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की कुपोषणही कमी झालं, कारण आधीच्या सेविकेला त्या कामाला वेळ मिळाला. म्हणजे शिक्षण की आहार असं भांडणच नाही, हात कमी आहेत हा प्रॉब्लेम आहे.

म्हणून पारडीच्या ताईंना माझं सांगणं की बालवाडी बंद करू नका. त्या सरांचं अर्धंच बरोबर आहे. तुमच्याकडे ९ वर्षं शिकवलेल्या ताया आहेत, रोडच्या या बाजूला अंगणवाडी मिळाली की तीच खोली, त्याच ताईंपैकी एक दोन तास शिकवणीला, अशी मागणी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी ठेवा. देणगी मागायची तर एवढ्यापुरती मागा, एका ताईचं मानधन, एक वर्ष.

आणि हे काही आपण नवीन करून नाही राहिलो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा लेकरं येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, पुढे अनुताई वाघांनी कोसबाडला ते चालवलं. सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना काढली त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. 'अंगणवाडी' हा शब्दसुद्धा आपल्याच बायांचा आहे.

हिंगणा_एमआयडीसी

मी शिकलेली जास्त नाही, कंपनीत पॅकिंगला आहे. सगळे शिक्षणाचं बोलून राहिले पण वेळेचं कोणी बोललं नाही. अंगणवाडी दुपारी सुटते, मी सहाला घरी येते. मधल्या वेळात लेकरू कोणाजवळ? माझ्या धाकट्याला सांभाळायला माझी मोठी सातवीतली पोरगी अर्ध्या सुट्टीनंतर शाळेतून घरी यायची, वर्षभर. बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा मला रडू आलं. आता शेजारच्या आजीला महिन्याचे पैसे देते.

तुम्ही मागून राहिल्या तर पाळणाघर पण मागा ना ताई.

मैदानात_२०वर्षे

ह्या ताईंनी लिहिलं ते आधी यायला पाहिजे होतं. केंद्राची 'पाळणा' योजना आहे, २०२२ पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमात, त्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर करता येतं. सहा महिने ते सहा वर्षं, दिवसाला साडेसात तास, महिन्यात २६ दिवस. आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बंधनकारक केलं. अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा, एकत्र केल्या की एकच उत्तर देऊन दोन्ही मिटवतात.

पारडीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन संध्याकाळ फिरलो, आया घरी आल्यावरच, सातनंतर. सहाच्या आतली ६७ लेकरं निघाली. आम्हाला वाटायचं जास्तीत जास्त पन्नास. २२ तर दोन वर्षांच्या आतली, ती आम्हाला कधी दिसलीच नव्हती कारण ती आईसोबत मार्केटला मिरचीच्या ढिगाजवळ असतात, खोकत.

रोडपलीकडच्या सेविकाताईंकडे पण गेलो, फोटो नाही काढला. त्यांनीच सांगितलं की त्यांच्याकडे आधीच जास्त लेकरं आहेत, आमची यादी खरी आहे असं त्या मुख्यसेविकेला, म्हणजे त्यांच्या वरच्या पर्यवेक्षिकेला, सांगतील. बालवाडी चालू ठेवतोय, जूनपर्यंतचं मानधन आम्ही चौघी मिळून काढू.

आता एकच अडलं. वस्तीला जमिनीचे पट्टे, म्हणजे मालकीचे कागद, नाहीत, निम्म्या घरांना नंबर नाही. अर्जात पत्ता काय लिहायचा?

मैदानात_२०वर्षे

प्रभाग क्रमांक, जवळची ठळक खूण आणि विजेच्या खांबाचा नंबर लिहा. ज्यांच्याकडे लाईट बिल आहे अशा पाच-सहा घरांच्या झेरॉक्स जोडा. आणि हातानं काढलेला नकाशा लावा, त्यात भंडारा रोड जाड रेघेनं दाखवा.